ओळखचोरी आणि आपली वसाहत : सूचनाफलकावर नेमके काय लिहावे?

पाणवठा
आमच्या वसाहतीत गेल्या तीन महिन्यांत तीन घटना घडल्या. जिन्याखालच्या चार टपालपेट्या कोणीतरी उचकटल्या, एका रहिवाशाची पिशवी गाडीतून पळवली गेली, आणि एका घरी सर्वेक्षक म्हणून आलेल्या दोन व्यक्ती कुटुंबातील सर्वांची पूर्ण नावे, जन्मतारखा आणि फोन क्रमांक लिहून घेऊन गेल्या. पैशांचे नुकसान तिन्ही वेळा किरकोळ होते, त्यामुळे बहुतेकांनी विषय तेथेच सोडला. मला मात्र राहून राहून वाटते की तिन्ही वेळा चोराच्या हाती वस्तूंपेक्षा माहितीच अधिक लागली आहे. टपालपेटीतून बँकेची पत्रे गेली, पिशवीत ओळखपत्र होते, आणि तिसऱ्या घरी तर काही चोरावेही लागले नाही. विचारले आणि मिळाले.

समितीने मला सर्व रहिवाशांसाठी एक पानी सूचनापत्रक तयार करायला सांगितले आहे. माझ्या मसुद्यात सध्या चार मुद्दे आहेत. कुलपे आणि टपालपेट्या दुरुस्त कराव्यात. फोनवर कोणालाही ओटीपी किंवा पासवर्ड सांगू नये. प्रवेशद्वारावर प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक नोंदवहीत लिहून घ्यावा व अनोळखी व्यक्तीच्या ओळखपत्राची छायाप्रत ठेवावी. सर्व भाडेकरू आणि घरकाम करणाऱ्या व्यक्तींच्या ओळखपत्रांच्या प्रती कार्यालयात जमा कराव्यात. यात काय राहिले आहे आणि काय चुकते आहे, हे कृपया सांगावे. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी तो सविस्तर लिहिला, तर मला लोकांना समजावून सांगणे सोपे जाईल.

अनुस्वार
विषय महत्त्वाचा आहे. एक भर सुचवते. हरवलेल्या ओळखपत्राची तक्रार त्याच दिवशी नोंदवावी आणि तिची पोच जपून ठेवावी. पुढे त्या ओळखपत्रावर काही व्यवहार झाला, तर ते आपल्याकडे नव्हते हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

स्पष्टवक्ता
मी थोडे विरोधी मत मांडतो. अशा पत्रकांमुळे लोक सावध होण्यापेक्षा घाबरतात आणि मग प्रत्येक फेरीवाल्याकडे संशयाने पाहू लागतात. आपले नाव, पत्ता, जन्मतारीख ही काही गुपिते नाहीत. ती शेकडो लोकांना ठाऊक असतात. माझ्या खात्याचा क्रमांक कोणाला कळला म्हणून तो माणूस माझे पैसे काढू शकत नाही. टपालपेटी फुटली तर ती दुरुस्त करावी, एवढेच पुरेसे आहे असे मला वाटते.

सांजवेळ
स्पष्टवक्ता, तीन वर्षांपूर्वी मीही अगदी याच शब्दांत बोलले असते, म्हणून तुमच्या मताबद्दल मला राग नाही. माझा अनुभव लिहिते.

एके दिवशी मला वसुली करणाऱ्या एका व्यक्तीचा फोन आला. मी न घेतलेल्या कर्जाचे पाच हप्ते थकले होते. प्रथम मला तो फोनच फसवणुकीचा वाटला आणि मी तो बंद केला. तसे करणे योग्यच होते. पण दुसऱ्या दिवशी मी माझा पतअहवाल, म्हणजे माझ्या नावावरील सर्व कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, मागवला, आणि त्यात ते कर्ज माझ्या नावावर स्पष्टपणे नोंदलेले होते. नाव माझे, जन्मतारीख माझी, ओळखपत्र माझे. फोन क्रमांक आणि पत्ता मात्र वेगळा, त्यामुळे एकही सूचना माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

ती नोंद माझ्या नावावरून निघायला चौदा महिने लागले. पैसे गेले नाहीत, पण त्या काळात मला घरासाठी कर्ज नाकारले गेले आणि दर आठवड्याला कोणाला तरी तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. सर्वांत जास्त त्रास याचा झाला की मी काही केले नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे माझ्यावर होते. ज्यांनी न पाहता कर्ज दिले त्यांच्यावर ते नव्हते. मी एक वही केली होती आणि तिच्यात प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव, तक्रार क्रमांक आणि दिलेले आश्वासन लिहीत होते. शेवटी त्या वहीनेच मला सोडवले, कारण सातव्या महिन्यात "तुमची तक्रार आमच्याकडे आलेलीच नाही" असे उत्तर मिळाले, तेव्हा मी त्यांना सहा तारखा वाचून दाखवल्या.

निवृत्त_शिक्षक
सांजवेळ ताई, वाचून वाईट वाटले. आपल्या कागदपत्राची प्रत त्या माणसाकडे कशी पोहोचली, याचा काही शोध लागला का?

जुनी_पाने
स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्यावर एक खरा प्रसंग आठवला. २००७ साली ब्रिटनच्या कर विभागाने टपालाने पाठवलेल्या दोन डिस्क वाटेत हरवल्या. त्यांवर सुमारे अडीच कोटी लोकांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि अनेकांच्या बँक खात्यांचे तपशील होते. तेथील प्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदक जेरेमी क्लार्कसन यांनी वृत्तपत्रातील आपल्या स्तंभात लिहिले की एवढा गहजब करण्याचे कारण नाही, खाते क्रमांक कळल्याने कोणी पैसे काढू शकत नाही. हे पटवून देण्यासाठी त्यांनी स्वतःच्या खात्याचा तपशील छापला. २००८ च्या जानेवारीत त्यांच्या लक्षात आले की कोणीतरी त्यांच्या खात्यातून एका मधुमेहविषयक धर्मादाय संस्थेला ५०० पौंड जातील अशी नियमित वळतीची सूचना नोंदवली आहे. आपले म्हणणे चुकले, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले.

याहून जुनी गोष्ट १९३८ ची आहे. अमेरिकेत पाकिटे बनवणाऱ्या एका कंपनीने सामाजिक सुरक्षा कार्ड (प्रत्येकाचा वेगळा सरकारी क्रमांक असलेले कार्ड) पाकिटात कसे बसते हे दाखवण्यासाठी नमुना कार्ड छापले, आणि त्यावर कंपनीतल्या एका सचिव बाईंचा खरा क्रमांक घातला. कार्ड आकाराने लहान होते, त्यावर नमुना असे छापलेले होते, तरी पाकीट विकत घेणाऱ्या हजारो लोकांनी तो क्रमांक आपलाच समजून वापरला. १९४३ साली ५,७५५ लोक तो वापरत होते, आणि पुढच्या काळातील सर्व मिळून ही संख्या ४०,००० च्या वर गेली. बाईंना नवा क्रमांक घ्यावा लागला. त्या हजारो लोकांपैकी बहुतेकांच्या मनात कसलेही कपट नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. क्रमांक सांगणारी व्यक्ती तीच आहे का, हे कोणीच तपासत नव्हते, आणि ओळखचोरीचे मूळ मला आजही तेथेच दिसते.

स्पष्टवक्ता
क्लार्कसन यांचे उदाहरण मला माहीत नव्हते. खाते क्रमांकाबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. मात्र माहिती मुळातच गुप्त राहू शकत नाही, या मतावर मी ठाम आहे.

दशमान
तुमचे हे मत मला पटते, आणि म्हणूनच मला निष्कर्ष वेगळा काढावासा वाटतो. लाटान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ विदुषींनी २००० साली दाखवून दिले की केवळ जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा पाच अंकी क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. नावाचीही गरज नाही. पाणवठा यांच्या वसाहतीत आलेल्या त्या दोन सर्वेक्षकांनी यापेक्षा कितीतरी अधिक नेले आहे.

माहितीचे दोन प्रकार मनात वेगळे ठेवावेत, असे मी घरच्यांना नेहमी सांगतो. जन्मतारीख, आईचे नाव, जन्मगाव, बोटांचे ठसे या गोष्टी आपण बदलू शकत नाही. पासवर्ड, कार्ड, खाते क्रमांक बदलता येतात. जे बदलता येत नाही, त्याचा कुलूप म्हणून उपयोग करू नये. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे खासगी ईमेल खाते एका विद्यार्थ्याने उघडले, ते पासवर्ड फोडून नव्हे. जन्मतारीख, टपाल क्रमांक आणि पतीशी पहिली भेट कोठे झाली, या सुरक्षा प्रश्नांची उत्तरे त्याला सार्वजनिक माहितीतून मिळाली, आणि त्याने पासवर्ड नवा करून घेतला. तेव्हा सुरक्षा प्रश्नांना खरी उत्तरे देण्याचे बंधन नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या शाळेच्या नावाऐवजी एखादा निरर्थक शब्दसमूह द्यावा आणि तो पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रणालीत नोंदवून ठेवावा.

याच ओघात ओटीपीबद्दलही लिहितो. ओटीपी कोणाला सांगू नये हे सर्वांना पाठ झाले आहे, पण कोणाला न सांगताही तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. आपल्या नावाने बोलून, किंवा बनावट कागदपत्र दाखवून, कोणी दूरसंचार कंपनीकडून आपल्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले की आपले सर्व संदेश त्या सिमवर जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा फोन क्रमांक अशा रीतीने ताब्यात घेऊन त्यांच्याच खात्यावरून संदेश प्रसिद्ध केले गेले होते. यावरून सामान्य माणसाने घेण्याची खूण अशी की आजूबाजूच्या सर्वांच्या फोनला संपर्क आहे आणि फक्त आपला फोन बराच वेळ बंद पडला आहे, असे झाले तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून आधी दूरसंचार कंपनीला आणि लगेच बँकेला कळवावे. महत्त्वाच्या खात्यांसाठी संदेशाऐवजी ओटीपी तयार करणारे ॲप किंवा पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, वापरावी. पासकी खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही.

अनुस्वार
पासवर्ड दर महिन्याला बदलावा असे पत्रकात लिहावे का?

दशमान
नको. सक्तीने वरचेवर बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती नको असेच म्हटले आहे. फुटल्याचा पुरावा मिळाला की मात्र तो बदलायला लावावा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड असणे हे त्याहून पुष्कळ महत्त्वाचे आहे. एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड चोर यंत्राच्या साहाय्याने शेकडो ठिकाणी लावून पाहतात. ईमेलचा पासवर्ड सर्वांत जपावा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तेथेच येतात.

सांजवेळ
निवृत्त_शिक्षक सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले, आणि खरे तर तेच मला या धाग्यावर सांगायचे आहे.

नवव्या महिन्यात, बऱ्याच पत्रव्यवहारानंतर, मला त्या कर्जाच्या मूळ अर्जाची प्रत पाहायला मिळाली. तिच्याबरोबर माझ्या ओळखपत्राची जी छायाप्रत जोडलेली होती, ती पाहताच मी ओळखली. प्रत काढताना कागद तिरका बसला होता, त्यामुळे वरचा उजवा कोपरा कापला गेला होता, आणि खाली माझ्या हाताने सदनिकेचा क्रमांक लिहिलेला होता. तशी प्रत मी आयुष्यात एकदाच दिली होती, जेथे मी पूर्वी भाड्याने राहत होते त्या इमारतीच्या कार्यालयात. सुरक्षेसाठी सर्व भाडेकरूंकडून तेथे प्रती घेतल्या जात. मी ते घर सोडून चार वर्षे झाली होती. कार्यालयाची जागा बदलताना जुन्या फायली रद्दीत गेल्या, असे मला नंतर कळले. कोणी मुद्दाम केले नाही, आणि कोणी विचारही केला नाही.

पाणवठा, तुमच्या मसुद्यातील तिसरा आणि चौथा मुद्दा मी वाचला, तेव्हा मला त्या फायलीच दिसल्या. तुम्ही चांगल्या हेतूने लिहिले आहे याबद्दल मला शंका नाही. पण चोराला रोखण्यासाठी आपण जी माहिती गोळा करतो, तीच एक दिवस चोराला आयती मिळते. कृपया ते दोन मुद्दे पुन्हा पाहावेत.

पाणवठा
सांजवेळ ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे, आणि त्यात नेमके काय काय आहे हे मला ठाऊक नाही. उद्या पाहतो.

जुनी_पाने
कपाटाबरोबर छायाप्रत काढण्याच्या यंत्राचाही विचार करावा. कार्यालयातील अनेक डिजिटल यंत्रांमध्ये साठवणुकीची चकती असते आणि काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली अशी यंत्रे चकती न पुसताच परत केली, आणि त्यांतील एक यंत्र पुढे एका वृत्तवाहिनीने विकत घेतले तेव्हा त्यात रुग्णांची माहिती सापडली. सुमारे ३,४४,००० लोकांची माहिती उघड झाली असावी, असा त्या संस्थेचाच अंदाज होता. २०१३ साली तिला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून ते प्रकरण मिटवावे लागले.

रानवाट
आणि कागद नष्ट करताना नुसते फाडून टाकू नयेत. लांब पट्ट्या कापणारी यंत्रेही पुरेशी नाहीत. १९७९ साली तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, तेव्हा आत सापडलेल्या कागदी पट्ट्या हाताने जुळवून पुष्कळ दस्तऐवज पुन्हा उभे केले गेले. २०११ साली अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने बारीक तुकड्यांचे कागद जुळवण्याची स्पर्धा ठेवली, आणि तीही एका गटाने ३३ दिवसांत पूर्ण केली. सामान्य चोर एवढे कष्ट घेणार नाही हे खरे, तरी आडवे-उभे कापणारे यंत्र घेणे चांगले. ते नसेल तर कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करावा.

निवृत्त_शिक्षक
मी एका वेगळ्या बाजूबद्दल लिहितो. गेल्या वर्षी मला एक फोन आला. बोलणाऱ्या व्यक्तीला माझे पूर्ण नाव, पत्ता, निवृत्तीचे वर्ष आणि माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक माहीत होते. माझ्या ओळखपत्राचा वापर एका गुन्ह्यात झाला आहे आणि मी ताबडतोब सहकार्य केले नाही तर माझ्यावर कारवाई होईल, असे त्याने सांगितले. एवढी अचूक माहिती असलेला माणूस खोटा असेल, हे माझ्या मनातही आले नाही. मी चाळीस मिनिटे त्याच्याशी बोलत राहिलो. घरात कोणालाही सांगायचे नाही असे त्याने बजावले होते आणि मी ते पाळले. योगायोगाने माझी सून खोलीत आली, माझा चेहरा पाहून तिने फोन हातातून घेतला आणि बंद केला. पैसे वाचले.

त्यानंतर कित्येक दिवस मी कोणाशी मोकळेपणाने बोललो नाही. आयुष्यभर मुलांना विचार करायला शिकवले आणि आपणच असे कसे वागलो, हा प्रश्न मला खात होता. येथे प्रथमच लिहितो आहे, कारण माझ्या वयाचे आणखी कोणी वाचत असतील तर त्यांनी ही गोष्ट मनात दाबून ठेवू नये. भीती आणि घाई या दोन गोष्टी एकत्र आल्या की शिकलेला माणूसही गोंधळतो. कोणाला सांगू नका असे समोरचा म्हणाला, की त्याच क्षणी घरातील माणसाला हाक मारावी, एवढे मी त्यातून घेतले.

अनुस्वार
सर, तुम्ही हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझे वडील असाच प्रसंग महिनाभर लपवून बसले होते, आणि त्या महिन्यात आम्ही बरेच काही थांबवू शकलो असतो.

दशमान
सर, यात तुमची चूक नाही. समोरच्याला आपली माहिती आहे, हा तो खरा असल्याचा पुरावा नसतो; उलट ती कोठून तरी फुटली आहे एवढेच त्यातून कळते. फोनच्या पडद्यावर दिसणारा क्रमांकही बनावट दाखवता येतो, आणि आता आवाज व चेहराही तयार करता येतो. २०२४ साली उघड झालेल्या एका प्रकरणात, एका अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ अधिकारी दिसले म्हणून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि त्या बैठकीत दिसलेले सहकारी कृत्रिमरीत्या तयार केलेले होते. म्हणून फोन ठेवावा, आणि कार्डामागे किंवा जुन्या पत्रावर छापलेला क्रमांक स्वतः शोधून आपण फोन करावा. खऱ्या अधिकाऱ्याची याला कधीच हरकत नसते. घरच्यांसाठी एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवल्यास नातेवाइकाच्या आवाजात आलेल्या फोनचीही खात्री करता येते.

मोरपीस
दिवंगत व्यक्तींचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहिते. माझे वडील गेले तेव्हा आम्ही निधनवार्तेत त्यांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, राहण्याचे ठिकाण आणि आम्हा भावंडांची नावे दिली होती. अडीच महिन्यांनी त्यांच्या नावाने नवे क्रेडिट कार्ड मागवले गेल्याचे पत्र घरी आले. त्यांच्या जाण्याची नोंद आम्ही एका बँकेत केली होती, पण बाकीच्या ठिकाणी कळवणे आमच्याकडून राहिले होते. दुःखात ही कामे सुचत नाहीत, आणि हे चोराला ठाऊक असते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन सर्व बँका, पतनोंद ठेवणाऱ्या संस्था, दूरसंचार कंपनी आणि ओळखपत्र देणारी कार्यालये यांना शक्य तितक्या लवकर कळवावे. हे काम घरच्या माणसापेक्षा शेजाऱ्याने किंवा मित्राने अंगावर घेतले तर फार आधार होतो. निधनवार्तेत जन्मतारखेऐवजी वय लिहिले तरी पुरते.

स्पष्टवक्ता
सगळे प्रतिसाद वाचले. पहिल्या प्रतिसादात मी हा विषय हलका समजलो, हे मान्य करतो. तरी दोन गोष्टी मला अजूनही आग्रहाने सांगायच्या आहेत.

एक म्हणजे, पत्रक वाचून लोकांचा असा समज होऊ नये की ओळखचोरी झाली तर ती त्यांच्याच निष्काळजीपणामुळे झाली. २०१७ साली इक्विफॅक्स या पतनोंद संस्थेतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ज्या प्रणालीतील दोषातून चोर शिरले, तो दुरुस्त करण्याचा उपाय काही महिन्यांपूर्वीच उपलब्ध झालेला होता आणि संस्थेने तो लावला नव्हता. त्या लोकांपैकी अनेकांनी तर त्या संस्थेशी कधी व्यवहारही केला नसेल. त्यांनी कोणती काळजी घ्यायला हवी होती? माहिती एकदा बाहेर गेली की तिचा वापर कसा अडवायचा, हे पत्रकात अधिक ठळक असावे. जेथे पतनोंद गोठवण्याची सोय आहे, तेथे ती गोठवून ठेवावी, म्हणजे आपल्या नावावर नवे कर्ज निघू शकत नाही आणि आपल्याला हवे तेव्हा ती उघडता येते. अमेरिकेत २०१८ च्या सप्टेंबरपासून ही सोय सर्वांना विनामूल्य आहे. जेथे ती नाही, तेथे निदान वर्षातून दोनदा स्वतःचा पतअहवाल पाहावा आणि प्रत्येक व्यवहाराची सूचना फोनवर व ईमेलवर अशी दोन्हीकडे सुरू ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी की प्रवेशद्वारावर कसलीही नोंद ठेवू नये, असे आता कोणी म्हणू लागेल, आणि ते मला मान्य नाही. उद्या घरफोडी झाली तर पोलीस पहिली नोंदवहीच मागतील.

रानवाट
नोंद ठेवावी, पण ती उघडी नसावी. आमच्याकडे नोंदवही मेजावर उघडी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच्या वीस जणांचे फोन क्रमांक वाचता येतात. कोण एकटे राहते, कोणाकडे रोज कोणत्या वेळी कोण येते, हेही त्यावरून कळते. घरफोडी करणाऱ्याला याहून चांगली वही मिळणार नाही.

सांजवेळ
रानवाट यांच्याशी सहमत आहे. ओळखपत्र पाहणे आणि त्याची प्रत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळा पाहणे पुरते. प्रत देणे अटळच असेल, तर त्यावर कोणासाठी, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे शाईने आडवे लिहावे, ते छायाचित्राला आणि मजकुराला थोडे छेदून जाईल असे. तशी प्रत दुसरीकडे चालवणे अवघड होते, आणि चाललीच तर ती कोठून फुटली हे कळते. माझ्या कापलेल्या कोपऱ्याने जे योगायोगाने केले, ते आपण मुद्दाम करू शकतो.

पाणवठा
सर्वांचे आभार. काल समितीतील आणखी दोघांना बरोबर घेऊन कपाट उघडले.

त्यात एकशे एकोणीस व्यक्तींच्या ओळखपत्रांच्या प्रती होत्या. त्यांपैकी त्र्याहत्तर व्यक्ती वसाहत सोडून गेलेल्या आहेत, काही तर अकरा वर्षांपूर्वी. एका फायलीत बँकेचे रद्द केलेले धनादेश आणि सह्यांचे नमुनेही होते. कपाटाची किल्ली पहारेकऱ्यांच्या मेजाच्या खणात असते आणि हे येथील सर्वांना माहीत आहे. टपालपेट्या फुटल्या म्हणून मी कुलपांबद्दल लिहीत होतो, आणि ही खोली माझ्या मनातही आली नव्हती.

सोडून गेलेल्यांच्या सर्व प्रती आम्ही तिघांनी समोर बसून नष्ट केल्या आणि तशी नोंद इतिवृत्तात केली. सध्याच्या रहिवाशांच्या प्रतींपैकी कायद्याने ठेवणे आवश्यक आहे तेवढ्याच ठेवल्या, त्यांच्यावर प्रयोजन आणि तारीख लिहिली, आणि किल्ली आता सचिवांकडे आहे. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा मानून प्रवेशद्वारावरील नोंद चालू राहील, मात्र प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळी चिठ्ठी असेल, ती बंद पेटीत जाईल, आणि पोलिसांनी मागितली नाही तर नव्वद दिवसांनी नष्ट केली जाईल. ओळखपत्र पाहिले जाईल, प्रत काढली जाणार नाही.

पत्रकाचा नवा मसुदा असा आहे : "आपली माहिती विचारणाऱ्याला ती का हवी, कोठे राहील आणि केव्हा नष्ट होईल, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. दारावर किंवा फोनवर विचारणाऱ्याला लगेच उत्तर देऊ नये; छापील क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. कोणाला सांगू नका असे सांगितले गेल्यास घरच्यांना आणि समितीला ताबडतोब सांगावे. ओळखपत्राच्या प्रतीवर प्रयोजन आणि तारीख लिहावी. पतअहवाल वर्षातून दोनदा पाहावा. काही विपरीत घडल्यास बँकेला आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवावे व प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी. यात संकोच वाटत असल्यास समितीतील कोणीही आपल्याबरोबर येईल." शेवटचे वाक्य शिक्षक सरांमुळे आले आहे.

अनुस्वार
मसुदा उत्तम आहे. टपालपेट्यांबद्दल मात्र त्यात काही नाही.

पाणवठा
त्यांना नवी कुलपे लागली आहेत. बँकेची पत्रे कागदाऐवजी ईमेलवर मागवावीत, असे एक वाक्य वाढवतो.

मोरपीस
एक विचारायचे आहे. तुमच्या पहिल्या पोस्टमधील तिसऱ्या घराचे काय झाले, जेथे ते दोन सर्वेक्षक येऊन गेले होते? त्यांच्या जन्मतारखा आणि फोन क्रमांक तर आता बाहेरच आहेत. त्यांना कोणी काही सांगितले आहे का?

पाणवठा
नाही. त्या घरी दोन वृद्ध व्यक्ती आणि एक शाळकरी मुलगी राहते, आणि त्यांना अजूनही वाटते की सर्वेक्षण खरे होते. आज संध्याकाळी सातला मी आणि समितीतील एक ताई त्यांच्याकडे जात आहोत. दशमान, त्या वेळी फोनवर उपलब्ध राहाल का? मुलीच्या नावाचे आपण काय करायचे, हे मला समजलेले नाही.

दशमान
राहीन. मुलीच्या नावावर पतनोंद असण्याचे काहीच कारण नाही, म्हणून ती आहे का एवढेच आधी पाहू. असेल तर ती स्वतःच तक्रारीचा पुरावा ठरेल. दोन्ही वृद्धांच्या बँकेची पासबुके आणि दूरसंचार कंपनीचे शेवटचे बिल समोर काढून ठेवायला सांगा. छापील क्रमांक त्यांवरूनच घेऊ.